सायकलवरून द्रांग-द्रुंग हिमनदी : कारगिल ते पदुम

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी. लडाखला सायकलने गेलं तर हिमनदी जवळून बघता येते का, असं इथे दोघा-तिघांनी विचारलं होतं. येते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मी आणि माझा मावसभाऊ कारगिलहून झांस्कर खोऱ्यातल्या पदुमपर्यंत सायकलने गेलो. आम्ही निघालो तेव्हा या रस्त्याबद्दल मराठीत फारसं काही हाती लागलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

भुसावळहून झेलम एक्स्प्रेसने जम्मू. पुढचं चाक काढून, चेनच्या बाजूला पुठ्ठा बांधून सायकली पार्सलला दिल्या. जम्मूहून गाडीच्या टपावर सायकली टाकून श्रीनगर आणि तिथून झोजी ला ('ला' म्हणजे खिंड) ओलांडून कारगिल. सोबत घरच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, बिबड्या आणि केळ्याचे वेफर्स. दशम्या श्रीनगरपर्यंतच पुरल्या, वेफर्स मात्र पदुमपर्यंत साथीला होते.

जळगाव समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या थोडं वर आणि कारगिल २,६७६ मीटर. म्हणून कारगिलला दोन रात्री काढल्या, बाजारात फिरण्यापलीकडे काही केलं नाही. मग सांकू, पानिखर, पारकाचिक, रांगदुम, पेन्सी ला आणि पदुम. सगळं मिळून साधारण २३०-२४० किलोमीटर. सांकूपर्यंत दोन्ही बाजूंना पॉप्लरची झाडं, जवाची शेतं, शाळेतून घरी निघालेली पोरं. "सलाम" म्हणत सायकलीच्या बरोबरीने पळतात. पानिखर मागे टाकलं की नून आणि कून ही दोन शिखरं दिसायला लागतात, ७,१३५ आणि ७,०७७ मीटर उंचीची. आपल्याकडे डोंगर म्हणजे सातपुडा. तो कडेला आडवा पसरलेला असतो. ही शिखरं थेट अंगावर येतात.

पहिली हिमनदी पारकाचिकला दिसली. नून-कूनच्या कुशीतून उतरते आणि सुरू नदीच्या काठाशी येऊन थांबते. रस्त्यावरूनच दिसते. खरं सांगतो, पहिल्यांदा मी तिला ओळखलंच नाही. हिमनदी म्हणजे पांढरीशुभ्र, असं डोक्यात बसलेलं. इथे खालच्या टोकाला मातकट, दगडगोट्यांनी भरलेला ढिगारा होता, खाणीच्या कडेला टाकलेल्या मुरमासारखा. मावसभावाने बोट दाखवलं तेव्हा त्या ढिगाऱ्याच्या चिरेत हिरवट-निळा बर्फ दिसला आणि एवढा डोंगर आतून बर्फाचा आहे हे ध्यानात आलं.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते.

रांगदुमच्या अलीकडे दुपारी तीनच्या सुमारास एका नाल्याने आम्हाला अडवलं. पाणी राखेच्या रंगाचं, रस्त्यावरून आडवं धावत होतं. वर आकाश लख्ख, ढगाचा ठिपका नाही. आपलं खानदेशातलं गणित असं, की पाऊस नाही म्हणजे पूर नाही. थोडं थांबू, ओसरेल, असं म्हणून आम्ही बसलो. अर्ध्या तासाने पाणी वाढलेलं. मी सायकल खांद्याला लावून उतरलो. मांडीपर्यंत पाणी आलं, मागचं चाक प्रवाहाने फिरवलं आणि मी सायकलसकट कलंडलो. पलीकडे रस्त्याचं काम करणारे मजूर होते, ते ओरडून मागे फिरायला सांगत होते. मावसभावाने कॅरिअर धरून मला ओढलं. पाण्याखाली दगड गडगडत होते, त्यांचा आवाज पायातून वर येत होता.

त्या रात्री नाल्याच्या अलीकडेच तंबू लावला. सकाळी सहाला उठून बघतो तर तोच नाला पोटरीएवढाही नव्हता. दोघं चालत पार झालो.

तो नाला उन्हाने भरला होता. सकाळभर ऊन वर बर्फावर पडतं, वितळलेलं पाणी खाली पोचेपर्यंत दुपार होते, संध्याकाळी पूर येतो आणि रात्री थंडीने सगळं आखडलं की पहाटे पाणी उतरतं. आपल्याकडे ऊन नदी आटवतं. चैत्र-वैशाखात गिरणेच्या पात्रात नुसती वाळू बघत मी लहानाचा मोठा झालो. तिथे ऊन नदी भरतं. एवढी एक गोष्ट मनात पक्की बसली आणि पुढचा प्रवास त्याच घड्याळावर केला. पहाटे पाचला उठायचं, नाले दहाच्या आत ओलांडायचे, दुपारी मुक्काम. गाडीने गेलो असतो तर नाल्यावरून दोन मिनिटांत पार झालो असतो आणि हे कधी कळलंच नसतं.

रांगदुमला मावसभावाचं डोकं धरलं, जेवण जाईना. तिथे एक दिवस जास्तीचा राहिलो. तिसऱ्या दिवशी पहाटे पेन्सी ला चढायला लागलो.

पेन्सी लाची उंची ४,४०१ मीटर. चढ तसा तोरणमाळच्या सात पायरी घाटाइतका उभा नाही, पण दर दोनशे मीटरवर थांबून श्वास घ्यावा लागत होता. माथा ओलांडला, थोडा उतार उतरलो आणि वळणावर उजव्या हाताला द्रांग-द्रुंग. साधारण २३ किलोमीटर लांबीची हिमनदी. जळगावहून भुसावळ जेवढं, जवळपास तेवढं अंतर नुसता बर्फ. तोही सरळ नाही, वळण घेत येणारा. मधून काळे पट्टे, पातळाच्या काठासारखे, वळणाबरोबर वळलेले. हिला नदी का म्हणतात हे तिथे कुणी समजावून सांगावं लागत नाही. आम्ही सायकली आडव्या टाकल्या आणि किती वेळ बसलो ते आठवत नाही.

खाली उतरून रस्त्यापासून गवतातून, मग दगडांतून हिमनदीच्या मुखाच्या, म्हणजे खालच्या टोकाच्या, दिशेने चालत गेलो. समोर बर्फाचा कडा, त्याच्या पायथ्याशी गढूळ पाण्याचं तळं. कड्याच्या आतून मधूनच लाकूड तडकल्यासारखा आवाज यायचा. आम्ही तळ्याच्या अलीकडेच थांबलो. बर्फावर पाय ठेवला नाही, ठेवायचाही नव्हता.

बाकी खर्च, सायकल, कपडे यांबद्दल विचारा, सांगतो.

बोरीकाठ

भाऊ, वाचीसन डोयामा पानी उनं. आपला खानदेशना पोऱ्या सायकलवर बरफनी नदीलोंग जाई उना, हाई काय ल्हान गोट शे का! फोटो टाका भो.

पांझरा_धुळे

गिरणाकाठ, छान लिहिलंत. मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर हिमनदीच्या आकृत्या शेकड्यांनी काढल्या असतील, पण तुमच्या नाल्याचा प्रसंग वाचून आज मलाच नव्याने उमगलं. थोडी भर घालतो.

ते काळे पट्टे कसे होतात ते सांगतो. हिमनदी खाली सरकताना दोन्ही काठांचे दगड, माती अंगावर घेते. दोन हिमनद्या एकत्र आल्या की एकीच्या उजव्या काठचा आणि दुसरीच्या डाव्या काठचा ढिगारा मिळून मधोमध एक पट्टा तयार होतो. म्हणून पट्टे मोजले की वरून किती शाखा येऊन मिळाल्या याचा अंदाज येतो. आपल्या तापीला पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा मिळतात, पण पाणी एकदा मिसळलं की वेगळं काढता येत नाही. बर्फ मिसळत नाही, तो शेजारी शेजारी चालतो.

बर्फ चालतो म्हणजे खरोखर चालतो. वर दर हिवाळ्यात बर्फ साठतो, खालचा थर दाबला जाऊन त्यातली हवा निघते, तो घट्ट होतो आणि स्वतःच्या वजनाने उताराकडे वाहू लागतो. निळा दिसतो तो हाच जुना दाबलेला बर्फ. त्यातून जाताना उजेडातला लाल रंग शोषला जातो. आणि नाल्याचं पाणी राखेच्या रंगाचं असतं, कारण तळाचा खडक बर्फाखाली जात्यात दळल्यासारखा दळला जातो. ते खडकाचं पीठ आहे.

तुम्ही जिथे बसलात ती जागाही महत्त्वाची. पेन्सी ला ही पाणलोटाची सीमा आहे. अलीकडचं पाणी सुरू नदीला जातं. पलीकडचं, म्हणजे द्रांग-द्रुंगचं पाणी स्तोद नदीने पदुमला येतं, तिथे लुंगनाक नदी मिळून झांस्कर नदी होते आणि ती लेहजवळ निम्मूला सिंधूत शिरते. सुरूही शेवटी सिंधूलाच मिळते, पण नियंत्रण रेषेच्या पलीकडे. एका घाटाने वेगळं केलेलं पाणी इतका मोठा वळसा घालून पुन्हा एकत्र येतं.

पारकाचिकबद्दल एक काळजीची गोष्ट. डेहराडूनच्या वाडिया इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला आहे. १९७१ ते १९९९ या काळात ती वर्षाला सरासरी २ मीटर मागे हटत होती, १९९९ ते २०२१ मध्ये १२ मीटर. तुमच्या मुलांनी तीच जागा बघितली तर तिथे बर्फाऐवजी तळं असू शकतं. संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे हिमनद्यांच्या जतनाचं वर्ष ठरवलं, ते उगाच नाही.

सातपुडा_रायडर

मस्त राइड. पण एवढ्या जवळ जाऊन बर्फावर पाय ठेवला नाही हे काही पटलं नाही. आम्ही दुसऱ्या एका हिमनदीवर गेलो होतो, टूरवाल्याने अर्धा तास वर फिरवलं, साध्या बुटांवर. काही झालं नाही. जन्मात एकदा जातो माणूस.

गिरणाकाठ

सातपुडा_रायडर, तुमची इच्छा मला कळते, मलाही तीच होती. पण साध्या बुटांवर वर नेणाऱ्या माणसाने तुमच्या जिवाची पर्वा केली नाही असं मला मनापासून वाटतं. बर्फात भेगा असतात, काही कित्येक मीटर खोल. ताज्या बर्फाने त्यांचं तोंड झाकलेलं असलं तर वरून सपाट जमीन दिसते. दोर, क्रॅम्पॉन (बुटाला बांधायचे लोखंडी खिळे) आणि त्या हिमनदीचा माहीतगार सोबत नसेल तर वर जायचं नाही. मुखापाशी तर मुळीच नाही, तिथे कडा केव्हाही सुटतो. आम्ही बसलो होतो तेव्हा टेबलाएवढा एक तुकडा तळ्यात पडला. आवाज नंतर आला, लाट आधी दिसली.

पांझरा_धुळे

अगदी बरोबर. शिवाय दगडांनी झाकलेला बर्फ ही सगळ्यात फसवी जागा. माणसाला वाटतं आपण जमिनीवर उभे आहोत, पण पायाखाली बर्फ वितळत असतो आणि वरचा दगड केव्हाही सरकतो. मी असतो तर विद्यार्थ्यांना मुखापासून दोनशे पावलं लांबच बसवलं असतं.

सातपुडा_रायडर

मान्य. टूरवाल्याने यातलं काहीच सांगितलं नव्हतं. आता आठवलं की आमच्यातल्या एकाचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला होता आणि आम्ही त्याचा व्हिडिओ काढत होतो. वाईट वाटतंय.

अमळनेर_दवाखाना

मावसभावासाठी एक दिवस जास्त थांबलात हा या प्रवासातला सगळ्यात चांगला निर्णय. ४,४०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही साधारण ६० टक्केच मिळतो. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी. डोकं दुखणं, मळमळ, जेवण न जाणं, झोप न लागणं ही पहिली लक्षणं. ती असताना वर चढायचं नाही. बसल्या जागी धाप लागली, खोकल्यात फेस आला, चालताना तोल जाऊ लागला किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला तर रात्र असली तरी खाली उतरवायचं, सकाळची वाट बघायची नाही.

उंचीच्या त्रासावरच्या अॅसिटाझोलामाइडच्या गोळ्या बरेच जण मित्राच्या सांगण्यावरून घेतात. तसं करू नका. सल्फाची अॅलर्जी असेल, किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. सायकलवाल्यांचा आणखी एक धोका असा की तुम्ही तंदुरुस्त असता, दम असतो, म्हणून पटापट वर जाता. तंदुरुस्तीचा आणि उंचीच्या त्रासाचा फारसा संबंध नाही. जोरात चढणाऱ्यालाच आधी लागतो असं मी पाहिलंय.

चोपडेकर_आई

दादा, माझी मुलगी पुण्याला शिकते, तिच्या मैत्रिणींबरोबर पुढच्या वर्षी याच रस्त्याने सायकलने जायचं म्हणतेय. चौघी आहेत. नाही म्हणायचं नाही, पण जीव थाऱ्यावर राहत नाही. राहायची सोय कशी आहे? फोन लागतो का?

गिरणाकाठ

ताई, काळजी वाटणं साहजिक आहे. राहायला कारगिल, सांकू, पानिखर, रांगदुम, पदुम इथे गेस्ट हाऊस किंवा घरगुती सोय मिळते. सुरू खोऱ्यातली आणि झांस्करची माणसं अगत्याची. रांगदुमला ज्या घरी राहिलो तिथल्या आजींनी मावसभावाला दर तासाला गरम पाणी पाजलं, आणि निघताना पैसे घ्यायला तयार होईनात. फोनवर अवलंबून राहू नका. पानिखरच्या पुढे आमचे फोन बहुतेक वेळ बंदच होते. घरी आधीच सांगून ठेवलं होतं की चार दिवस फोन आला नाही तर घाबरायचं नाही. मुलीला प्रत्येक मुक्कामाचं गाव लिहून द्यायला सांगा, आणि ठरलेल्या दिवशी पुढे जाता आलं नाही तर जिथे आहोत तिथेच थांबायचं, एवढं चौघींत ठरवून घ्या. कपड्यांत जाड जॅकेट, हातमोजे, कानटोपी. ऊन भाजून काढतं, आपल्या मे महिन्यासारखं घामाचं नाही, गार वाऱ्यात भाजतं. गॉगल आणि क्रीम हवंच.

खिचडी शिजवायची असेल तर छोटा कुकर न्या. पेन्सी लाच्या उंचीवर पाणी ८५-८६ अंशांनाच उकळतं, उघड्या पातेल्यात आमची तुरीची डाळ दोन तास कच्चीच राहिली. नाल्याचं पाणी भांड्यात रात्रभर ठेवा, गाळ खाली बसतो, वरचं पाणी गाळून, पाणी शुद्ध करायची गोळी टाकून प्या.

केळीबाग_रावेर

गिरणाकाठ भाऊ, मी काही सायकल चालवणारा माणूस नाही. पण तुमचा नाला वाचून चार ओळी लिहाव्याशा वाटल्या. आमच्या रावेर-यावल पट्ट्यात वडिलांच्या काळी विहिरीला मोट चालायची. मग इलेक्ट्रिक मोटार आली, मग बोअर, मग बोअर खोल, अजून खोल. सातपुड्याच्या पायथ्याच्या गाळात जुनं पाणी मुरलेलं होतं, ते आम्ही केळीसाठी उपसलं. जेवढं मुरतं त्यापेक्षा जास्त उपसलं. तुमची हिमनदी म्हणजे आमच्या जमिनीखालच्या पाण्यासारखीच मला वाटली, बापजाद्यांनी ठेवलेली ठेव. फक्त ती डोळ्याला दिसते, आमची दिसत नव्हती. तिकडच्या शेतकऱ्यांचं कसं चाललंय? त्यांच्याशी बोलणं झालं का?

गिरणाकाठ

अप्पा, झालं. पदुमच्या अलीकडे एका शेतात थांबलो होतो. जव आणि वाटाणा. पाऊस जवळजवळ नाहीच, सगळी शेती वितळलेल्या पाण्यावर. वरच्या नाल्यातून पाट काढलेले. त्या शेतकऱ्याने सांगितलं, की गावात पाण्याची पाळी ठरवणारा एक माणूस असतो, त्याला चुरपोन म्हणतात. कुणाच्या वाफ्यात कधी पाणी सोडायचं हे तो ठरवतो आणि गाव ऐकतं. मला आपली फड पद्धत आठवली. माझं आजोळ साक्री तालुक्यातलं. पांझरेवरचे बंधारे, एका फडात एकच पीक, आणि पाटाचं पाणी बघणारा पाटकरी. मी त्याला पाटकऱ्याबद्दल सांगितलं. त्याला हिंदी थोडं येत होतं, मला त्याची भाषा नाही, पण जमिनीवर काडीने पाट काढून दाखवला तेव्हा त्याला लगेच कळलं. वरून खाली पाणी द्यायचं की खालून वर, यावर आम्ही पंधरा मिनिटं बोललो.

मग त्याने कुमिक गावाचं सांगितलं. झांस्करमधलंच गाव. वरचा बर्फ कमी झाला, नाला आटला, पिकाला पाणी पुरेना. लोकांनी खाली नवीन जागी वस्ती हलवायला घेतली. हे सांगताना तो वर डोंगराकडे बघत होता.

पांझरा_धुळे

कुमिकची हकिकत खरी आहे. लडाखमध्ये छेवांग नोर्फेल नावाचे अभियंते आहेत. हिवाळ्यात वाया जाणारं पाणी डोंगराच्या सावलीत अडवून गोठवायचं आणि पेरणीच्या वेळी, एप्रिल-मेमध्ये ते वितळून शेताला मिळेल असं करायचं, हे काम त्यांनी गावोगाव केलं. २०१५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मोठ्या हिमनद्या उंचावर असतात, त्यांचं पाणी जूनपासून भरपूर येतं, पण पेरणी आधी असते. अडचण पाण्याच्या वेळेची, आणि नोर्फेल यांनी नेमकी ती वेळच साधली. आपण धुळ्याची माणसं बंधारे बघतच मोठी झालो, म्हणून मला हे काम फार जवळचं वाटतं. तुमचं आजोळ साक्रीकडचं हे वाचून आनंद झाला.

केळीबाग_रावेर

सर, हे माहीत नव्हतं. शेतासाठी गोठवलेलं पाणी. वरून खाली द्यायचं की खालून वर, त्याचं उत्तर काय निघालं ते राहिलं भाऊ.

गिरणाकाठ

तो म्हणाला, त्यांच्याकडे कोणत्या टोकाने सुरुवात करायची ते दरवर्षी बदलतं, म्हणजे कायम एकाच टोकाचं नुकसान होत नाही.

बोरीकाठ

हाई आवडनं माले. आमना गावमा शेवटलाले पाणी पोचतच नही.

सातपुडा_रायडर

पुढच्या ऑगस्टमध्ये मला यायचंय. बर्फावर चढणार नाही, शब्द देतो. तयारी कुठून सुरू करू? माझी सायकल हायब्रीड आहे, ३५ मिलिमीटर रुंदीचे टायर.

गिरणाकाठ

जरूर या. रस्त्याचं काम चालू होतं, काही टप्पे डांबरी, काही नुसती खडी आणि धूळ. ३५ चे टायर चालतील, पण ४० च्या वरचे बसत असतील तर बदला. पुढे लहान गिअर हवा, जादा स्पोक, ब्रेक पॅडच्या दोन जोड्या आणि डिरेलर हँगर (मागचा गिअर बदलणारा भाग ज्यावर बसतो तो तुकडा) जवळ ठेवा, कारगिल सोडल्यावर सायकलचं दुकान नाही. आमचे ब्रेक पॅड चिखलाने पदुमच्या आधीच घासून गेले होते.

सराव म्हणाल तर आधी चाळीसगावहून कन्नड घाट, मग पाल, मग तोरणमाळ. सामान लावून चढा, मोकळ्या सायकलने नाही. पुढच्या रविवारी आम्ही चौघं शहाद्याहून पहाटे साडेचारला तोरणमाळसाठी निघतोय. यशवंत तलावावर न्याहारी, दहाच्या आत खाली. येत असाल तर शनिवारी रात्री शहाद्यालाच या, झोपायची सोय आहे. दोन बाटल्या पाणी आणि पंक्चर किट आणा.

सातपुडा_रायडर

येतो. पॅनिअरमध्ये (कॅरिअरच्या पिशव्यांत) काय भरू वजनाला?

गिरणाकाठ

दहा किलो गहू. खाली आल्यावर शहाद्याच्या चक्कीवर दळून घरी न्या.

चोपडेकर_आई

दादा, मुलगी त्या आठवड्यात घरी आहे. तिला पाठवू का तुमच्याबरोबर?

गिरणाकाठ

पाठवा ताई. माझी बायकोही सायकलवर आहे, दोघी सोबत चढतील. तिची सायकल कोणती ते कळवा, घाटाआधी ब्रेक मी बघून घेतो.